गोल्डफिश, 21 दिवस आणि सातचा भोंगा

आमचं गाव केज तालुक्यातलं, जिल्हा बीड. गावाच्या ग्रुपवर एकच मेसेज महिन्याभरात चारदा आला, त्यातला एकदा तर रात्री सव्वाबाराला. मोबाईलमुळं माणसाचं लक्ष गोल्डफिश माशापेक्षा कमी झालंय, निळ्या प्रकाशानं डोळे जातात, 21 दिवस फोन बंद ठेवला की सवय कायमची सुटते, सांगलीकडच्या एका गावानं फोन हद्दपार केलाय, शेतकऱ्याला तर स्मार्टफोन लागतोच कशाला. खाली जोडलेले हात आणि ‘दहा ग्रुपवर पाठवा’.

फोन जास्त झालाय याबद्दल वाद नाही. माझाही झालाय. पण रोग खरा म्हणून कुठलाही काढा प्यायचा का?

माणसाचं लक्ष 8 सेकंद आणि माशाचं 9, हा आकडा जगभर फिरला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेनं 2015 साली जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालामुळं. पत्रकार त्याचं मूळ शोधायला गेले, तर मागं धड संशोधनच सापडलं नाही. आणि ज्या पोराचं लक्ष आठ सेकंद टिकत नाही म्हणता, ते क्रिकेट रंगलं की चार हाका मारल्या तरी जेवायला येत नाही.

निळ्या प्रकाशाचं थोडक्यात: स्क्रीनच्या उजेडानं डोळे कायमचे बिघडतात याला पुरावा नाही, असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाच सांगते. डोळे चुरचुरतात ते बघताना पापणी कमी लवते म्हणून.

21 दिवसांचं गणित मात्र नुकसान करतं. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं 1960 साली लिहिलं होतं की, रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढं ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला. लंडनमधल्या संशोधकांनी 2010 साली लोकांच्या सवयी मोजल्या, तेव्हा कुणाला 18 दिवस लागले, कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला, सरासरी 66. तेही नवी सवय लागायला, जुनी सुटायला नव्हे. मेसेजवर विसंबलेल्या माणसाचा हात बाविसाव्या दिवशी पुन्हा फोनकडं जातो आणि ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणून तो सगळंच सोडून देतो.

सांगलीकडचं गाव म्हणजे कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, साडेआठला दुसरा. मधला दीड तास फोन बंद, टीव्हीही बंद, आणि मोठ्यांचाही. हद्दपारी कुठंच नव्हती. मेसेजातून ‘दीड तास’ आणि ‘मोठ्यांचाही’ हेच नेमकं गायब. आमच्याकडं पोराच्या हातातला फोन हिसकावून बाप त्याच फोनवर रील बघत बसतो.

राहिला शेतकरी. 2021 पासून ई-पीक पाहणी आली; बांधावर उभं राहून पिकाचा फोटो ॲपवर टाकावा लागतो, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढतं. आमच्या भागात दरवर्षी माणसं-जनावरं विजेनं जातात, तिचा इशारा देणारं पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. साध्या डबड्यावर यातलं काय चालतं?

आणि शेजारचं घर. दिवाळीनंतर तिथं आजी आणि दोन लेकरंच उरतात. आईबाप आगाऊ उचल घेऊन कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीत. दिवसभर तोडणी, मग गाडी भरायची, म्हणून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो तो आठ वाजता. आजी फोन शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून ठेवते. परवा धाकटीनं पडलेला दात दाखवला, आणि मग आईचं तोंड दिसत नाही म्हणून रडायला लागली. पलीकडं कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, उजेडच नव्हता.

ग्रुपवर आता आपल्याही गावात सात ते साडेआठ भोंगा लावायचं चाललंय. माझी ना नाही. आजीला विचारलं, तुम्हाला चालंल का?

“लावा की बाबा,” म्हातारी म्हणाली. “सूनबाईचा फोन येऊन गेला की वाजवा.”