रात्री दोनला सिस्टर पेशंटला उठवते, ते बिलासाठी नव्हे

‘पेशंट ॲडमिट आहे? सिस्टर लोकांच्या या सहा गोष्टींपासून सावध राहा’ हा मेसेज गेले काही दिवस जिकडेतिकडे फिरतोय. पुढच्या आठवड्यात आमच्या काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे आणि वहिनीने नेमका तोच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली दादाने विचारलं, ‘रात्री बीपी घ्यायला आल्या तर सही करून नको म्हणायचं का?’ मी वॉर्डात ड्युटी करणारी बाई. दादाला जे सांगायचं ते फोनवर सांगून झालं. पण ज्यांच्या घरात विचारायला कोणी सिस्टर नाही, त्यांच्याकडेही हा मेसेज पोचलाय, म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, रात्री उठवून बीपी-नाडी घेणं हा बिल वाढवायचा धंदा आहे, लेखी नकार द्या. दोन, सिस्टर दर वेळी पेशंटचं नाव विचारतात, म्हणजे त्यांना आपला पेशंटच माहीत नसतो. तीन, ड्युटीभर नुसतं लिहीत बसतात. चार, झोपून असलेल्या पेशंटला कुशीवर वळवणं हे मावशींचं काम, त्याला कसली नर्स. खाली रिंगची उशी द्या, लाल झालेल्या जागी तेल चोळा, भागतं. पाच, डॉक्टरने सांगितल्याशिवाय सिस्टरला काही करता येत नाही, तेव्हा तिच्याशी बोलून उपयोग नाही. सहा, चार वर्षांची डिग्री हा देखावा आहे, सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी तेच काम करते.

सगळ्यात घातक पहिला मुद्दा आहे, त्यामुळे आधी तोच घेते.

पैशांचं लगेच मिटवू. सरकारी दवाखान्यात बीपीचं बिल लागत नाही. खासगीत नर्सिंग चार्जेस सहसा दिवसावर, खाटेबरोबर लागतात. रात्रीत बीपी एकदा घेतलं काय नि चारदा घेतलं काय, आकडा तोच राहतो. तुमच्या बिलात दर बीपीमागे वेगळी रक्कम लावलेली दिसली तर बिलिंगवाल्याशी जरूर भांडा. रात्री दोन वाजता ट्रॉली ढकलत आलेल्या मुलीचा त्यात हात नसतो.

आता उठवतात कशासाठी, ते बघा. पोटाचं ऑपरेशन झालेला एक पेशंट समजा. रात्री दहाला नाडी ८८, श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९८, बीपी १२४/८०. सगळं ठीक. दोन वाजता नाडी १०४, श्वास २२, ऑक्सिजन ९५, बीपी ११८/७६. उशाशी बसलेल्या मुलाला विचारलं तर तो म्हणेल, बाबा छान झोपलेत, बीपीही नॉर्मल आहे. तीनला नाडी ११६, श्वास २४, ऑक्सिजन ९५च, बीपी १०८. आत कुठेतरी रक्त झिरपत असेल तर चार्ट असाच दिसतो. रक्त कमी पडायला लागलं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं, हृदय जोरात पळवतं आणि बीपी होता होईल तेवढं धरून ठेवतं. बीपी पडायला लागतं तेव्हा पुष्कळ वेळ हातचा गेलेला असतो. आधी बोलतात ते नाडी आणि श्वास, आणि तेही एका आकड्यातून कळत नाही. दहाचा आणि दोनचा आकडा शेजारी लिहिलेला असला तरच तीनच्या आकड्याला अर्थ येतो. दोनची नोंद तुम्ही सही करून नाकारलीत की मधला दुवाच गेला.

इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी ‘न्यूज’ नावाची गुण देण्याची पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. वरच्या पेशंटचे ताप आणि शुद्ध ठीक धरले तर दहाला शून्य, दोनला चार, तीनला सहा होतात. पाच किंवा जास्त झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचं. म्हणजे नुसत्या बीपीकडे बघणाऱ्याला जो पेशंट तीन वाजताही बरा वाटला असता, त्याच्यासाठी सिस्टरने तोवर फोन उचललेला असतो.

‘मग न उठवता घ्या की’ असंही मेसेजमध्ये आहे. श्वास मोजायला खरंच उठवावं लागत नाही. पेशंटला कळू न देता मोजला तर उलट खरा आकडा मिळतो. पण माणूस झोपलाय की त्याची शुद्ध हरपतेय, हे हाक मारल्याशिवाय कळत नाही. दुखणं थांबवायचं जोरदार इंजेक्शन अंगावर असेल, साखर उतरली असेल, डोक्याला मार असेल, तर बाहेरून सगळं गाढ झोपेसारखंच दिसतं. ‘आजोबा, डोळे उघडा, कुठे आहात तुम्ही?’ हा प्रश्न झोपमोड करायला विचारलेला नसतो.

याच मुद्द्याला आधार म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव वापरलंय, त्याचा मला जास्त राग आला. झोपलेल्या रुग्णाला उठवू नये असं तिने आपल्या पुस्तकात लिहिलंय हे खरं आहे. पण ते पुस्तक १८५९ चं आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं रिवा-रोची या इटालियन डॉक्टरचं यंत्र आलं १८९६ मध्ये. आणि त्याच पुस्तकात रुग्णाचं निरीक्षण कसं करावं यावर अख्खं प्रकरण आहे. ते सोडून एक वाक्य उचलायचं आणि तिच्याच नावाने लोकांना निरीक्षण नाकारायला लावायचं, याला काय म्हणावं!

तरी यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. पाचव्या दिवशी घरी जायची वाट बघत असलेल्या, सगळं ठीक असलेल्या पेशंटला ‘ऑर्डर आहे’ म्हणून रात्रीतून दोनदा उठवतात. त्याच ‘न्यूज’प्रमाणे गुण शून्य असेल तर बारा तासांनी तपासलं तरी चालतं. अशा वेळी राउंडला डॉक्टरांना विचारा, रात्रीची वारंवारता कमी करता येईल का? हक्काने विचारा. ऑपरेशनच्या रात्री मात्र विचारू नका. दुसरी गोष्ट सांगायला मला बरं वाटत नाही, पण काही वॉर्डांत चार्टवर तीसही पेशंटचा श्वास २० लिहिलेला असतो, कारण कुणीच तो मिनिटभर मोजलेला नसतो. यावर तक्रार केलीत तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण त्यावर उपाय ‘घेऊ नका’ हा कसा असेल? ‘नीट मोजा’ म्हणा.

नाव विचारण्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका शेजारशेजारी असतात आणि ‘तुम्ही शांताबाई ना?’ म्हटलं की कमी ऐकू येणारी, गुंगीतली बाईसुद्धा ‘हो’ म्हणते, म्हणून ‘तुमचं नाव काय?’ असंच विचारायचं आणि हातातल्या पट्टीशी ताडून बघायचं असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. ज्या दिवशी सिस्टर नाव न विचारता इंजेक्शन द्यायला लागेल, त्या दिवशी काळजी करा.

लिहिण्याचंही तसंच. युरोबॅगमध्ये किती लघवी जमली, हे लिहिण्यात कुणालाही हौस नसते. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण तीस मिली तरी व्हायला हवी. सलग काही तास त्याखाली गेली तर मूत्रपिंडाला रक्त पुरत नसल्याची शंका घ्यायची. सकाळी हँडओव्हर घेणाऱ्या सिस्टरला आणि राउंडच्या डॉक्टरला रात्रीचं हे कागदावरूनच कळणार. कागदपत्रं फार वाढलीत, एकच गोष्ट तीन रजिस्टरांत लिहावी लागते, ही आमचीही ओरड आहे. पण ती ओरड वेगळी.

आता कुशीवर वळवण्याचं. हा मुद्दा सोडून देववत नाही, कारण घरोघरी झोपून असलेले आजी-आजोबा आहेत आणि रिंगची उशी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते.

बेडसोअर होतो हाडावरच्या दाबाने. माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तिथलं मांस आतून मरायला लागतं. वर जखम दिसते तेव्हा आत बरंच नुकसान झालेलं असतं. रिंगच्या उशीने मधला भाग मोकळा राहतो खरा, पण सगळा भार कडेवर येतो आणि मधल्या भागाकडे जाणारं रक्तच अडतं. बोटाला दोरा घट्ट बांधला की पुढचं टोक निळं पडतं ना, तसं. लाल झालेल्या जागी चोळणं त्याहून वाईट, कारण आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या चोळून फुटतात. बेडसोअरबाबतच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रिंग वापरू नका आणि तशा जागी चोळू नका, दोन्ही स्पष्ट आहे. मेसेजने नेमकं तेच दोन्ही करायला सांगितलंय.

काय बघायचं ते सांगते. लाल जागेवर बोट दाबा आणि उचला. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर दाब काढल्यावर सुधारेल. लालच राहिली तर बेडसोअर सुरू झालाय. पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली कित्येकदा दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा पिलपिलीत झालंय का, दाबल्यावर दुखतंय का? वळवताना पूर्ण कुशीवर टाकायचं नाही, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन तीसेक अंश कललेलं ठेवायचं. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाच अधांतरी राहील. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि दर वेळी ही सगळी ठिकाणं डोळ्यांखालून घालायची. वळवायला मावशी मदत करतात आणि त्यांच्याशिवाय वॉर्ड चालत नाही. पण केव्हा वळवायचं, कसं ठेवायचं, कातडी काय सांगतेय, हे बघणं परिचारिकेचं काम आहे.

याचा पुरावा हवा तर मुंबईत आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये स्वतःवर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता. तोवर सदतीस वर्षं झाली होती. तिथल्या सिस्टरांच्या एकामागून एक पिढ्या ड्युटीवर येत राहिल्या, आणि वळवणं, पुसणं, भरवणं कुणी चुकवलं नाही. हे वाचून कुणी म्हणून दाखवावं की याला नर्स कशाला लागते.

पाचव्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. औषध सिस्टर स्वतःच्या मनाने बदलत नाही, बदलूही नये. पण दम लागलेल्या पेशंटला उठवून बसवणं, घास घशात अडकणाऱ्याला पाणी थांबवणं, पडण्याचा धोका ओळखून कठडे लावणं, यासाठी ती कुणाच्या ऑर्डरची वाट बघत नाही. आणि चुकीची ऑर्डर आली तर थांबवणं हेही तिचंच काम. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं. तसं कुणी घाईत सांगितलं तर ‘सर, हे असं देता येणार नाही’ म्हणणारी शेवटची व्यक्ती सिस्टरच असते. तिच्याशी बोलू नका म्हणता? चोवीस तास खाटेजवळ दुसरं कोण असतं?

राहिला डिग्रीचा मुद्दा. घरी आंघोळ घालायला, भरवायला ब्युरोकडून येणाऱ्या मुली पुष्कळदा मनापासून करतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा चार वर्षांचं बीएससी नर्सिंग, आणि त्यावर नर्सिंग परिषदेची नोंदणी, यात शिकलेली असते ती वर सांगितलेली नजर. तिने काय फरक पडतो हे मोजलं गेलंय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. युरोपातले नऊ देश, तीनशे रुग्णालयं, नेहमीची ऑपरेशनं झालेले पन्नाशीपुढचे ४,२२,७३० रुग्ण. एका नर्सकडे एक रुग्ण जास्त झाला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ती ७ टक्क्यांनी कमी दिसली. युरोप म्हणजे महाराष्ट्र नव्हे, आणि अशा अभ्यासातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ‘तेच काम कुणीही करतं’ हे खरं असतं तर सव्वाचार लाख रुग्णांत हा फरक दिसायलाच नको होता.

एका नर्सकडे किती रुग्ण, हा त्या अभ्यासातला भाग नातेवाइकांच्या कामाचा आहे. आमच्याकडे रात्रपाळीला एका सिस्टरच्या अंगावर तीस-पस्तीस पेशंट पडणं नवं नाही. प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायचा तर तेवढ्यानेच अर्धा तास जातो. औषधं, सलाईन, नवीन ॲडमिशन वेगळंच. न मोजता लिहिलेला २० हा आकडा येतो तो इथून. तेव्हा दादाला मी सांगितलंय की बीपी नाकारायची सही करू नकोस. काकांना ॲडमिट करताना काउंटरवर एवढंच विचार, या वॉर्डात रात्री पेशंट किती आणि सिस्टर किती? उत्तर टाळलं तर पुन्हा विचार.