बाहेरगावचा डीजे बोलावताना घ्यायची काळजी

तुमच्या क्लबात पुण्या-मुंबईचा डीजे आणायचं ठरवलंय? छान. गेली नऊ वर्षं मी शुक्रवारी एका गावात, शनिवारी दुसऱ्या आणि रविवारी कुठल्यातरी बसस्टँडवर असतो, त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास दांडगा आहे. तीन आठवड्यांपूर्वी गोव्यात वागातोरला वाजवून आलो आणि त्यात मोलाची भर पडली. तेव्हा चार युक्तीच्या गोष्टी सांगतो. फुकट. नाहीतरी सवय झालीये.

भाव पाडताना ‘बजेट टाइट आहे, पण एक्सपोजर मिळेल’ हे वाक्य तोंडपाठ असू द्या. आमचा घरमालक दर महिन्याला भाड्यापोटी एक्सपोजरच घेतो. मग हळूच विचारा, ‘क्राउड किती आणशील?’ पुण्याचा माणूस गोव्यात किती क्राउड आणणार? फार तर बसमधल्या शेजारच्या बर्थवरचे काका. पण विचारा.

फोनवर विमानाचं कबूल करा. ‘पुणे ते मोपा फ्लाइट, बाहेर गाडी उभी असेल.’ आदल्या दिवशी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर स्लीपरचं तिकीट टाका, सोबत दोन जोडलेले हात. बर्थ शेवटचा, वरचा. पुण्याहून म्हापसा जवळजवळ साडेचारशे किलोमीटर. आंबोलीचा घाट येईपर्यंत डीजेचं डोकं एकदा काचेवर, एकदा दांडीवर असा ठेका आपोआप धरतं. रियाज होतो.

बस सकाळी सातला पोचते. खोली दुपारी दोनला द्या.

मधले सात तास त्याला रिसेप्शनच्या वेताच्या खुर्चीत मांडीवर बॅग घेऊन बसू दे. पंख्याखाली नको, तिथे गेस्ट बसतात. दोनला जरा पाठ टेकली की तीनला ‘साउंडचेक आहे’ म्हणून उठवा. साउंडवाला पाचला येतो हे तुम्हाला ठाऊक असतंच, पण डीजेला कशाला सांगायचं?

त्याच्याकडून टेक रायडर नावाचा कागद, म्हणजे लागणाऱ्या सामानाची यादी, आलेला असेल. पेनड्राइव्हवरची गाणी वाजवणारे दोन सीडीजे ३००० प्लेअर, चार चॅनलचा मिक्सर, डीजेला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून बूथ मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, असलं काहीबाही त्यात असतं. ‘ओके ब्रो’ लिहा आणि न वाचता सोडून द्या. मला वागातोरला मिळाला मॅनेजरच्या मेहुण्याचा कंट्रोलर, लॅपटॉपला जोडून चालवायचा. उजव्या फेडरची, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीची, टोपी गायब, तिथे पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि घामाने ती पार काळी पडलेली. माझे पेनड्राइव्ह घालायला त्याला भोकच नव्हतं. मग मेहुण्याचाच लॅपटॉप आला, त्यात भलतंच सॉफ्टवेअर. गाणं कुठून उचलायचं त्याच्या मी तीन दिवस घरी बसून लावलेल्या खुणा, म्हणजे क्यू पॉइंट, गेले उडत. शिवाय दर वीस मिनिटांनी पडद्यावर अँटीव्हायरस संपल्याची पाटी. मॅनेजर म्हणाला, ‘पेनड्राइव्ह तो लगाना है भाई, उसमें क्या?’

खरंय. त्यात काय.

बूथ मॉनिटर फाटकाच ठेवा. आपलंच आपल्याला ऐकू येईना की डीजे हेडफोनचा आवाज चढवत नेतो. ८५ डेसिबलला कानाला आठ तास चालतं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. सेट दोन तासांचा असतो. परतीच्या बसमध्ये दिवे मालवल्यावर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. ती कुकरची नव्हती.

आता वेळेचं. मला बोलावलं होतं सूर्यास्ताच्या सेटसाठी, साडेपाच ते साडेसात. त्या वेळात मालकाचा पुतण्या वाजवत होता. (गुणी मुलगा आहे. हात फार वर करतो.) सूर्य बुडाला, पुतण्या काही बुडेना. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम देशात २००० सालापासून आहे, पण दहाला पाच मिनिटं असताना मॅनेजरला त्याचा नव्याने शोध लागला आणि सगळ्यांची आत पळापळ. मला चढवलं रात्री एक वाजता. समुद्राकडे बघत ऐकायची ११०च्या टेम्पोची संथ गाणी घेऊन मी उभा आणि समोर दिल्लीची बॅचलर पार्टी. तेव्हा असंच करा. सकाळचा भूपाळीवाला रात्री उभा करा, वर ‘माहौल नहीं बना’ म्हणा.

फर्माईशवाल्यांना थेट बूथच्या आत सोडा. मोबाइलवर गाण्याचं नाव टाइप करून, ब्राइटनेस पूर्ण चढवून, तो डीजेच्या नाकासमोर धरणारा इसम हा क्लबचा प्राण असतो. त्याचा ग्लास ठेवायला मिक्सर आहेच.

पीपीएलवाले, म्हणजे रेकॉर्डेड गाणी वाजवायच्या हक्काचे पैसे घेणारे, लायसन्स विचारायला आले की डीजेला पुढे करा.

डीजे म्हटल्यावर मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच डोळ्यांसमोर आणा. माझी साताऱ्याची आत्या दर गणपतीत विचारते, ‘काय रे, तुझ्या डॉल्बीला बंदी आली म्हणे?’ तिला माफ आहे. तुम्हाला नाही.

आणि पैसे. ही खरी कला. ठरले होते चाळीस हजार. दहा टक्के टीडीएस गेला, राहिले छत्तीस. त्यातले वीस आगाऊ मिळाले होते. उरले सोळा, ‘शो झाल्या झाल्या हातात’. शो संपला तीनला. काउंटरवर मॅनेजर पाचशेच्या नोटा मोजून रबर लावत होता. एक गड्डी, दोन गड्ड्या, तीन. मी समोर उभा. सातव्या गड्डीला मान वर करून म्हणाला, ‘कॅश नहीं है भाई.’ मग म्हटलं यूपीआय कर. तर त्याचं आजचं लिमिट संपलेलं. मग मालक झोपलेले. मग अकाउंटंट सोमवारी येणार. ‘मंडे पक्का.’ वर एक बिल पुढे सरकवलं, १,४८० रुपयांचं. दोन पाण्याच्या बाटल्या, एक फ्राइड राइस आणि चार बिअर. मी पीत नाही. बिअर पुतण्याच्या मित्रांनी ‘डीजेच्या नावावर’ घेतल्या होत्या.

टीडीएस मात्र कापायला कोणी विसरत नाही. जुलैमध्ये रिटर्न भरताना २६ एएस, म्हणजे आपल्या नावावर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारं सरकारी पत्रक, उघडावं तर निम्म्या क्लबांचा आकडा तिथे नाहीच. माझ्या बिलातून कापला तो गेला कुठे? सरकारकडे नाही, माझ्याकडे नाही. मग कोणाच्या खिशात? विचारलं तर ‘सीए से पूछ के बताता हूँ’. दोन वर्षं तो सीए सापडत नाहीये.

अहो, बर्फवाला तुम्हाला मंडे पक्कावर बर्फ देतो का? बिअरची गाडी माल उतरवून ‘असू द्या, जमेल तेव्हा द्या’ म्हणत निघून जाते का? टेबल धरणाऱ्या गिऱ्हाइकाकडून तुम्ही आधी पैसे घेता की नाही? मग उधारी फक्त त्याचीच कशी, ज्याचं नाव पोस्टरवर छापून दारात एंट्रीचे पैसे घेतलेत? तेही नाव चुकीचं छापून. साडेतीनला साउंडवाला पोरगा एकटाच वायरी गुंडाळत बसला होता. मी म्हटलं, माझे सोळा अडकले रे. तो मान वर न करता म्हणाला, ‘माझे चार शो बाकी आहेत, दादा.’ तो सिंधुदुर्गातला, घरी म्हातारी आई. बारमध्ये ग्लास धुणाऱ्याचे किती बाकी असतील, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

लाज वाटू द्या थोडी. फीचं जाऊ द्या, कमी द्या, आम्ही कमीतही येतो, तो मूर्खपणा आमचा. पण ठरलेले द्या. कापलेला टॅक्स भरा. एकमेकांना ‘ब्रो’ म्हणत माणसाला पहाटे चारला बॅग घेऊन काउंटरवर ताटकळत ठेवता, हा कुठला धंदा? याला आमच्याकडे बुडवेगिरी म्हणतात.

तीन सोमवार गेले. माझ्या सेटचा व्हिडिओ त्यांच्या पेजवर चढलाय, माझ्या नावाशिवाय. माझ्या मेसेजांवर निळ्या टिका पडतात, उत्तर येत नाही. आज सकाळी मात्र आलं. ‘ब्रो, ३१ डिसेंबरला फ्री आहेस का? मस्त एक्सपोजर आहे.’

सोळा हजार टाक आधी.