मोठ्या कंपनीचे नाव आणि अनुवादकाचा सीव्ही

इंग्रजी-मराठी अनुवाद करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: सीव्हीत ‘फ्रीलान्सर’ हा शब्द दिसला की अर्ज बाजूला पडतो, म्हणून ज्या कंपन्यांचे काम केले त्यांची नावे नोकरी केल्यासारखी, तारखांसह, एकाखाली एक लिहावीत, काम एजन्सीमार्फत आले असेल तर एजन्सीचे नाव गाळावे, गोपनीयतेचा करार ही नुसती औपचारिकता असते, त्यावरून कोणी कोर्टात जात नाही, आणि नावे जितकी अधिक, शक्यतो लोगोंसह, तितका सीव्ही वजनदार. मी स्वतः अनेक वर्षे हेच काम करतो आहे आणि अलीकडे एजन्सींसाठी नव्या अनुवादकांचे अर्ज व चाचण्याही तपासतो. या संदेशातले एकही विधान त्या तपासणीत जसेच्या तसे टिकत नाही.

नोकरी केल्यासारखे लिहिण्याचा सल्ला सर्वांत आधी कागदांवर अडखळतो. नोकरी म्हटली की तिच्यामागे भविष्यनिर्वाह निधीचे खाते, पगारपत्रक आणि पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र येते. आपल्यासारख्यांच्या हाती असतात ती इन्व्हॉइसे आणि व्यावसायिक शुल्कातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र. पूर्ववृत्ताची पडताळणी करणाऱ्या संस्था पुष्कळदा थेट यूएएनखालील, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या कायम खाते-क्रमांकाखालील, सेवा-इतिहास मागतात, आणि मोठ्या कंपनीत तीन वर्षे ‘होतो’ असे लिहिलेल्या माणसाची तिथे नोंदच नसेल, तर ती केवळ शब्दांची निवड राहत नाही, खोटी माहिती ठरते. शिवाय एकाच काळात तीन कंपन्या दाखवल्या की वाचणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ एकाच वेळी तीन नोकऱ्या करत होता की काय. संदेशात तथ्य आहे ते एवढेच, की ‘फ्रीलान्सर, २०१९ ते आजवर’ अशी एकुलती ओळ काहीही सांगत नाही. पण त्यावरचा उपाय शब्द लपवण्यात नाही. ‘स्वतंत्र अनुवादक व पुनरीक्षक, इंग्रजी-मराठी’ अशी सलग काळाची एकच नोंद करावी आणि तिच्याखाली कामांचे प्रकार मांडावेत.

एजन्सी गाळण्याचा सल्ला मात्र मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो देणाऱ्याला हा व्यवसाय चालतो कसा हेच ठाऊक नसावे. एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या ॲपचा मजकूर मराठीत यायचा असतो, तेव्हा ती कंपनी तो बहुधा एका मोठ्या लोकलायझेशन, म्हणजे मजकूर स्थानिक भाषांत आणून देणाऱ्या, कंपनीला देते, ती भारतातल्या एजन्सीला देते आणि एजन्सी तो चार-सहा अनुवादकांत वाटते; मग दुसरे कोणी तो तपासते. आपल्याला पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, देते ती एजन्सी, पैसे देते ती एजन्सी, आणि साखळीच्या वरच्या टोकाला आपले नावही पोहोचलेले नसते. अशा वेळी ‘अमुक कंपनीसाठी अनुवाद’ असे लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढपी असलेल्याने यजमान म्हणून मिरवण्यासारखे आहे. मराठी अनुवादाचे जगही फार लहान आहे. एकदा एका अर्जात ‘संपूर्ण ॲपचे मराठीकरण’ असा दावा माझ्यासमोर आला. त्याच ॲपच्या मजकुराचे पुनरीक्षण मी केले होते आणि अनुवादक पाच होते, हे मला माहीत होते. त्या उमेदवाराचे काम वाईट नव्हते, पण पुढचा प्रत्येक दावा मी संशयाने वाचला.

एजन्सीचे नाव उलट उपयोगाचे असते. आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकानुसार प्रमाणित झालेल्या एजन्सीला आपल्या अनुवादकांच्या पात्रतेची नोंद ठेवावी लागते: अनुवादविषयक पदवी, किंवा अन्य विषयातील पदवी आणि पूर्णवेळ अनुवादाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा तशाच पूर्णवेळ कामाची पाच वर्षे. या मोजणीत ब्रँडला शून्य किंमत आहे. किंमत आहे ती किती काम केले आणि ते कोण प्रमाणित करील याला. ‘चार वर्षे नियमित काम दिले’ असे पत्र एजन्सीच देऊ शकते. तिचे नाव घ्यायला तिचीच हरकत असेल, तर ‘पुण्यातील एका लोकलायझेशन एजन्सीमार्फत’ एवढे पुरते.

गोपनीयतेच्या कराराबद्दल संदेश अर्धे खरे बोलतो. कोर्टात सहसा कोणी जात नाही, हे मान्य; करारभंगाची भरपाई मागण्याची सोय १८७२ च्या करार कायद्यात, कलम ७३ मध्ये, असली तरी एका अनुवादकामागे वकील लावणे एजन्सीला परवडत नाही. ती फक्त काम देणे थांबवते, आणि का ते सांगत नाही. क्लिनिकल चाचण्यांतील रुग्णांच्या संमतीपत्रांचे उदाहरण घ्या. काही जण म्हणतात, चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत उघडच असते, १५ जून २००९ पासून तर ती बंधनकारक आहे, मग औषध-कंपनीचे नाव लिहिण्यात गैर ते काय? चाचणी उघड आहे. तिची कागदपत्रे कोणाच्या घरच्या संगणकावर होती हे उघड नाही, आणि करार नेमका त्याविषयी असतो. ‘कर्करोगावरील औषधाच्या चाचणीची संमतीपत्रे, अनुवाद व उलट-अनुवादाची पडताळणी’ या ओळीत नाव नाही, तरी तज्ज्ञाला हवे ते सगळे आहे. भीतीचा अतिरेकही नको. आपल्या नावानिशी छापलेले पुस्तक वा पुस्तिका खुशाल नमूद करावी. कर्तृत्व सांगण्याचा हक्क, स्वामित्व दुसऱ्याला दिले तरी, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ ने लेखकाकडे, म्हणजे अनुवादकाकडेही, राहतो. कर्तृत्व सांगणे वेगळे आणि ग्राहकाची फाइल नमुना म्हणून पाठवणे वेगळे, एवढे भान ठेवावे.

नावांच्या संख्येबद्दल थोडक्यात. पंचवीस नावांच्या यादीतून मला हे कळत नाही की त्यांपैकी कोणाची शंभर पाने केली आणि कोणाचे एक माहितीपत्रक. अनुवाद, पुनरीक्षण आणि यंत्रानुवादाची दुरुस्ती ही तीन कामे तर सर्रास एकाच ‘प्रोजेक्ट’ शब्दाखाली झाकली जातात, वास्तविक शेवटच्या कामासाठी २०१७ पासून आयएसओ १८५८७ हे स्वतंत्र मानकच आहे. लोगोंचे तर बोलायलाच नको: कंपनीचे नाव खरेपणाने घेणे आणि तिचे बोधचिन्ह आपल्या कागदावर छापणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्यातून तिची आपल्याला मान्यता असल्याचा भास होतो.

मागे एका अर्जात कंपनीचे एकही नाव नव्हते. ‘सहकारी साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, मराठीतून इंग्रजीत, सलग सहा हंगाम, थेट कारखान्यांकडून’ अशी एक नोंद होती. मी त्या बाईंना एवढेच विचारले, की अहवालातल्या ‘उतारा’ या शब्दाला तुम्ही काय योजता. त्यांनी उलट विचारले, ‘गाळपाच्या तक्त्यातला की जमिनीच्या परिशिष्टातला?’ चाचणी पाठवण्याची मला गरज वाटली नाही.