गांधीबागेतल्या बिलाला नेटफ्लिक्सचं आर्किटेक्चर कशाला?

"मोनोलिथ संपला. धंद्याचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेसमध्येच बांधा. नेटफ्लिक्स तेच करतं, एक सर्व्हिस पडली तरी बाकीच्या चालतात, खर्चही कमी." हा मेसेज नागपुरातल्या डेव्हलपर मंडळींत जोरात फिरतोय. मोनोलिथ म्हणजे सगळं काम एकाच प्रोग्रॅममध्ये; मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे तेच काम नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये (सर्व्हिसमध्ये) वाटणं. नवी पोरं तो खरा मानून कामाला लागतात, म्हणून लिहितोय.

नेटफ्लिक्सचा दाखला उलटाच आहे, राजेहो. 2008 मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी (तेव्हा ते भाड्याने पाठवत) पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर सुरू झालेलं, मोनोलिथ तोडत केलेलं क्लाउडवरचं (भाड्याच्या सर्व्हरवरचं) स्थलांतर जानेवारी 2016 मध्ये पुरं झालं. म्हणजे धंदा आधी वाढला, तोडणी नंतर झाली.

"बाकीच्या चालतात" हे सगळ्यात घातक. गांधीबागेतल्या ठोक कापड व्यापाऱ्याचं एक बिल घ्या. बिल बनतं, स्टॉकमधून थान कमी होतात, उधारी खात्यावर चढते. डेटाबेस एकच असेल तर हे एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं: तिन्ही, नाहीतर एकही नाही. आता तीन सर्व्हिस आणि तीन डेटाबेस करा. बिल झालं, पण स्टॉककडून उत्तर आलं नाही. थान कमी झाले की नाही? टाइमआउट (वाट पाहायची मुदत संपणं) ते सांगत नाही. पुन्हा विनंती पाठवली तर तेच थान दोनदा कमी होऊ शकतात. बिल रद्द करायला उलटा व्यवहार लिहावा लागतो, आणि तोही मधेच अडकू शकतो. शिवाय प्रत्येक सर्व्हिस 99.9 टक्के वेळ चालू असली, तरी बिलाला तिन्ही लागतात, हिशेब 99.7 वर येतो. महिन्याला पाऊण तासाऐवजी दोन तास बिलिंग बंद! दिवाळीच्या गर्दीत त्या व्यापाऱ्याला काय सांगाल?

खर्चाचं म्हणाल तर अ‍ॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमने 2023 मध्ये सांगितलं, की व्हिडिओची गुणवत्ता तपासणाऱ्या सेवेचे विखुरलेले भाग एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च 90 टक्क्यांहून जास्त घटला.

मोनोलिथमध्ये गुंता होतो, हे मात्र खरं. त्यावर इलाज म्हणजे मॉड्यूलच्या (प्रोग्रॅमच्या आतल्या भागांच्या) हद्दी कडक पाळणं: उधारीच्या कोडने स्टॉकच्या टेबलला थेट हात लावायचा नाही.

मी स्वतः एकच भाग वेगळा काढतो, ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याचा. 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट 2023 पासून ते सक्तीचं आहे, आणि सरकारी पोर्टलचा वेग आपल्या हातात नाही. म्हणून बिल आधी आपल्या डेटाबेसमध्ये पक्कं होतं, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये रांगेत एक नोंद पडते, आणि वेगळी प्रोसेस ती सवडीने पोर्टलला पाठवते.