‘नळ आला, संडास झाला, आता बायकांचं वेगळं काय?’ या मेसेजला उत्तर

सध्या नागपुरातल्या सोसायट्यांच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा: घरोघरी संडास झाले, नळ आले, नागपुरात तर चोवीस तास पाणी आहे. सार्वजनिक शौचालयं बाया-माणसांना सारखीच आहेत. पाळीमुळे मुली शाळा सोडतात ही थाप आहे. गटारात गुदमरून मरतो तो पुरुष. मग पाणी आणि शौचालय हा ‘बायकांचा प्रश्न’ कसा? हे परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांचं खूळ आहे.

मेसेजमधल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच तो शिकल्या-सवरल्या माणसांनाही पटतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊनच बोलू.

‘घरोघरी संडास झाले.’

स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं आणि पाच वर्षांनी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. काम मोठं झालं, ते नाकारण्याचं कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये देशातली सुमारे ३९ टक्के घरं उघड्यावर जात होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण १९ टक्क्यांवर आलं. म्हणजे निम्म्याने कमी झालं, पण पाचातलं जवळपास एक घर उरलंच. ‘घरोघरी’ हा शब्द इथेच अडतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की संडास बांधला की त्याला पाणी लागतं. उघड्यावर जाताना एक डबा पुरायचा. भांडं बसवलेल्या संडासात दर वेळी निदान दोन-चार लिटर ओतावे लागतात, शिवाय धुण्याचं वेगळं. पाच जणांच्या घरात यासाठीच रोज दोन-तीन गुंड (घागरी) पाणी जास्तीचं लागतं. घरात नळ नसेल तर हे पाणी बोरिंगवरून किंवा विहिरीवरून कोण आणतं? बारा हजारांचं अनुदान घराला मिळालं आणि पाण्याच्या वाढीव खेपा सुनेच्या नावावर पडल्या. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की अनेक घरांत पुरुष पुन्हा शेताकडे जातात, आणि संडास घरातल्या बायांसाठी व म्हाताऱ्यांसाठी राखला जातो. त्याला पाणी घालायचं, तो घासायचा, हेही बायांकडेच. सरकारी तक्त्यात त्या घरापुढे ‘शौचालय: आहे’ एवढीच नोंद असते. मोजणी घराची होते. घरात कोण काय वाहतं, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तोच तक्ता पुरावा म्हणून घेतला आहे.

‘नळ आले, नागपुरात तर चोवीस तास पाणी आहे.’

नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं. चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना शहरात काही वर्षांपासून चालू आहे आणि ज्या वस्त्यांत पाणी खरोखर दाबाने येतं, तिथे रोजचं जगणं बदललं आहे. पण ते कुणाचं बदललं, हे विचारून पाहा. पहाटे चारला उठून नळाची वाट पाहणं, ड्रम भरणं, शेजारणीशी नंबरावरून भांडणं हे सुटलं ते बाईचं. ज्या सोयीमुळे मुख्यतः बाईची सुटका झाली, ती नव्हती तेव्हा भार कुणावर होता, हे वेगळं सिद्ध करायची गरज आहे का?

आणि सगळं शहर त्या वस्त्यांसारखं नाही. शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून वाढलेल्या गुंठेवारी ले-आउटमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. एकाने लाइनवर पाणी ओढणारा टिल्लू पंप लावला की शेजारच्या घरातली धार बारीक होते. टँकरची वेळ ठरलेली नसते, म्हणून घरात कुणीतरी थांबावं लागतं. धुणी-भांडी करणाऱ्या बाईने टँकरसाठी थांबून एक घर चुकवलं तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. हे पैसे पाणीपट्टीच्या बिलात दिसत नाहीत, पण पाण्यासाठी तिनेच मोजलेले असतात.

गावांत घरोघरी नळ देण्यासाठी जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवून. पाच जणांचं घर म्हणजे २७५ लिटर. नळ बंद पडला आणि हे पाणी १५ लिटरच्या गुंडाने आणायचं ठरवलं तर अठरा-एकोणीस खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला डोक्यावर १५ किलो वजन, भांड्याचं वेगळं. कुणीच एवढ्या खेपा करत नाही. मग होतं काय, तर पाणी कमी वापरलं जातं, आणि घरात सगळ्यात शेवटी आंघोळीला जाणारी जी असते तिच्या वाट्याचं कमी होतं.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात १८० कोटी लोकांच्या घरात किंवा आवारात पाणी नाही, आणि अशा दर दहापैकी सात घरांत पाणी आणण्याची मुख्य जबाबदारी बायका-मुलींवर आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांत पाहिलं तर पाणी आणणाऱ्या मुली ७ टक्के आणि मुलगे ४ टक्के. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो आणि ती करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. पाणी भरणं याच कामांत येतं.

‘सार्वजनिक शौचालयं दोघांना सारखीच आहेत.’

मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हे आहे.

पहिलं म्हणजे जागा. दोन्हीकडे सारखं क्षेत्रफळ दिलं तरी पुरुषांकडे मुताऱ्या बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त जणांची सोय होते. बाईला दर वेळी दार असलेली खोली लागते. साडी, सलवार, सोबत लहान मूल, पाळीच्या दिवसांत पॅड बदलणं, गरोदरपणात वारंवार जावं लागणं, या सगळ्यामुळे वेळही जास्त लागतो. सरकारलाही हे माहीत आहे. स्वच्छ भारतच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत वस्तीतल्या सामूहिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक भांडं असं प्रमाण दिलं आहे. ‘सारखं’ पुरत नाही, हे त्या आकड्यांतच मान्य केलेलं आहे.

दुसरं म्हणजे पैसे. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला प्रत्येक वेळी सुटे पैसे, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली होती की २०११ मध्ये मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची (लघवीला जाण्याच्या हक्काची) चळवळ उभी राहिली तेव्हा कित्येकांना हा भेदभाव असल्याचंच पहिल्यांदा कळलं. दिवसभर भाजी विकून शंभर-दोनशे सुटणारी बाई दिवसातून तीनदा पाच-पाच रुपये देणार नाही. ती गेलीच नाही तर तिची नोंदही होणार नाही. मग म्हणायला मोकळे, की बायका शौचालय वापरतच नाहीत.

तिसरं शरीर, आणि याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. बाईचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा जवळपास २० सेंटिमीटरचा. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला बाईच्या शरीरात फार अंतर कापावं लागत नाही, म्हणून जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी लघवीचा संसर्ग होतो. लघवी तासन्‌तास धरून ठेवली आणि पाणी कमी प्यायलं की धोका वाढतो. नागपुरातल्या बर्डी बाजारातल्या दुकानांत उभ्याने काम करणाऱ्या मुली, इतवारीच्या बाजारात माल उचलणाऱ्या बाया, चौकात ड्यूटी करणाऱ्या महिला पोलीस, बसमधल्या कंडक्टर, कुणालाही विचारा. कामावर निघताना पाणी पीतच नाही, हेच उत्तर येतं. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, जिथे उन्हात निघू नका आणि भरपूर पाणी प्या असं महापालिकाच सांगते, तिथे या बाया ठरवून तहानलेल्या राहतात. उष्माघाताचा सल्ला पाळायचा तर आधी जायला जागा हवी.

पुरुष आडोशाला भिंत गाठतो. तेही वाईटच आहे, पण त्याला दुपारभर कळ सोसावी लागत नाही. आणि तृतीयपंथी माणसाने कुठल्या दारातून जायचं, हा विचार तर बांधकामाच्या नकाशात बहुतेकदा नसतोच.

‘पाळीमुळे मुली शाळा सोडतात ही थाप आहे.’

इथे मेसेजचं थोडं ऐकायला हवं. पाळी सुरू झाली की पाचातली एक मुलगी शाळा सोडते, असं वाक्य आमच्या बाजूनेही वर्षानुवर्षं पसरवलं गेलं आणि त्यामागचा पुरावा कच्चा आहे. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांच्या नेपाळमधल्या अभ्यासात (२०११) पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाला अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाली. तेव्हा तो आकडा सोडून द्यावा. पण त्यावरून शाळेत मुलींच्या शौचालयाने फरक पडत नाही असं होत नाही. अंजली अडुकिया यांनी भारतातल्या शाळांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेत शौचालय झाल्यावर पटनोंदणी वाढली, आणि वयात आलेल्या मुलींसाठी स्वतंत्र शौचालय असणं महत्त्वाचं ठरलं. शिवाय मुलगी शाळेत आली तरी सहा तास बाकावर अस्वस्थ बसली, तर हजेरीपटात ती हजरच असते.

‘गटारात मरतो तो पुरुष.’

खरं आहे. मॅनहोलमध्ये उतरून मरणारे जवळजवळ सगळे पुरुष आहेत, आणि ते बहुतेक कुठल्या जातींतले आहेत हे दीक्षाभूमीच्या शहरात सांगायला नको. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने हे काम करून घेणं गुन्हा आहे, तरी मरणं थांबलेली नाहीत. यावर जितकं ओरडावं तितकं कमी. पण त्याच जातींतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कोरडे संडास हाताने साफ करत आल्या, टोपली डोक्यावर घेऊन. त्या एका दिवसात मेल्या नाहीत म्हणून त्यांची बातमी झाली नाही. एकाच घरातल्या नवऱ्याचं दुःख बायकोच्या दुःखाविरुद्ध साक्षीला उभं करायचं, हे मला फार वाईट वाटतं.

‘परदेशी खूळ आहे.’

जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ मध्ये. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हा प्रश्न या मातीत संयुक्त राष्ट्रसंघ जन्मण्याच्या कितीतरी आधी विचारला गेला. गोरेगावच्या पाण्यासाठी बायकांना घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोऱ्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच दिलं.

रस्त्यावरच्या बायकांच्या शौचालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेलेली याचिकाही पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मराठी मासिकाची होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने स्वच्छ शौचालय हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि राज्यातल्या महापालिकांना समित्या नेमून बायकांसाठी शौचालयं उभारायला सांगितलं. नागपूरची महापालिका त्यात आली. मेसेज पुढे पाठवण्याआधी आपल्या वॉर्डात एवढं विचारा: बायकांचं शौचालय कुठे आहे, रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, आत नळाला पाणी येतं का, कडी लागते का, दिवा आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, आणि पैसे कुणाकडून घेतात. उत्तरं त्याच ग्रुपवर टाका.