‘आरसे पुरतात’ म्हणणाऱ्या काकांना: ट्रेलरच्या मागच्या कॅमेऱ्याबद्दल

नमस्कार काका,

न्यू जर्सीत आमच्या ढोल-ताशा पथकाच्या बंद ट्रेलरला मागे वर, दिव्यांपाशी, कॅमेरा कसा बसवला आणि त्याला टेल-लाइटच्या वायरीवरून वीज कशी दिली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काका म्हणतात, तीस वर्षं टेक्सासात ट्रेलर ओढला. दोन आरसे आणि मागे उभा एक माणूस, एवढ्यावर भागलं. चांगल्या ट्रेलरला भोकं पाडून पावसाला आवतण कशाला? हवाच असेल तर चुंबकाचा कॅमेरा चिकटवावा. वायर जोडायचीच तर सरळ रिव्हर्स लाइटला जोडावी, टेल-लाइटच्या वायरीत हात घालायचे उद्योग करू नयेत. आणि वायरलेस म्हणजे खेळणं.

आधी रिव्हर्स लाइटचं बोलू, कारण आपलं खरं भांडण तिथेच आहे. तुमच्या हिशेबात कॅमेरा हा मागे घेताना लागणारा. मी तो लावला तो मुख्यतः पुढे जाताना बघायला. सात फूट रुंद पेटी, म्हणजे हा बंद ट्रेलर, मागे लागली की पिकअपच्या आतल्या आरशात फक्त पेटीची पुढची भिंत दिसते. बाहेरचे आरसे, अगदी टोइंगचे लांब केले तरी, शेजारच्या लेन दाखवतात. बरोबर मागे चिकटून कोण चाललंय ते कुठल्याच आरशात दिसत नाही. रिव्हर्स लाइटला जोडलेला कॅमेरा गिअर पुढे टाकला की झोपणार, मग हायवेवर त्याचा उपयोग काय?

शिवाय ती वायर असतेच असं नाही. गाडीची वीज ट्रेलरला देणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली मधली पिन रिव्हर्सची, पण ट्रेलरला रिव्हर्सचे दिवे असलेच पाहिजेत असं इथला कायदा म्हणत नाही. त्यामुळे पुष्कळ पेट्यांत ती पिन ट्रेलरच्या बाजूला कुठेच गेलेली नसते. चार पिनांच्या प्लगमध्ये तर तिचा पत्ताच नाही. उलट तपकिरी वायर, म्हणजे टेल-लाइटची, प्रत्येक ट्रेलरला असते, आणि ८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रेलरला मागे वर मध्यभागी तीन लाल दिवे सक्तीचे असल्यामुळे ती आपल्याला हवी तिथपर्यंत आयती पोचलेली असते. आम्ही ती कापलेली नाही, तिला फाटा जोडलाय. एक सांभाळायचं: कॅमेऱ्यासाठी त्या तीन दिव्यांतला एखादा काढून टाकायचा नाही. इंटरनेटवर असे फोटो बघितलेत, म्हणून सांगतेय.

तपकिरी वायरीचे तोटेही आहेत. दिवसा हेडलाइट हाताने चालू करावे लागतात. गाडीचे दिवसाचे आपोआप लागणारे दिवे ट्रेलरपर्यंत वीज पाठवत नाहीत. काही नव्या गाड्या दिव्यांना सलग वीज न देता तुटक तुटक देतात, तिथे चित्र लुकलुकतं. तसं झालं तर सात पिनांच्या प्लगमधल्या काळ्या १२ व्होल्टच्या वायरीवरून घ्यावं, मध्ये स्विच टाकून, नाहीतर गाडी उभी असताना बॅटरी उतरायची.

आता भोकं. इथे तुमची काळजी अगदी रास्त आहे. पाणी आत शिरलं की आतलं प्लायवूड फुगतं, आणि आमच्या पेटीत वर ध्वजाचं कापड नि ताशे असतात. म्हणूनच वायरीसाठी नवं भोक पाडलंच नाही. मधला दिवा उघडून, त्याच्या मागे कारखान्यातूनच आलेल्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत घेतली. राहिले ते फक्त ब्रॅकेटचे स्क्रू. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, त्यात स्क्रू धरत नाही, तो आतल्या लोखंडी चौकटीतच जायला हवा. मात्र रॅम्पच्या दाराची स्प्रिंग बहुतेक पेट्यांत त्याच भागात, वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला असते. ती कुठे आहे ते आतून बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.

ब्रॅकेटखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), त्यावर वरून आणि दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेन सीलंट. खालची बाजू मुद्दाम मोकळी. पाणी चुकून शिरलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी. चारही बाजू बंद केल्या की ते तिथेच मुरतं. सिलिकॉन वापरू नका, कारण पुढे डागडुजी करताना त्याच्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. आणि भोकात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळ आत न जाता खाली ठिबकतो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात; स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये खारं पाणी गेलं की पत्रा पोखरत जातो. त्यामुळे स्क्रूच्या माथ्यावरही सीलंट हवंच.

चुंबकाच्या कॅमेऱ्याबद्दल: काका, पत्रा ॲल्युमिनियमचा आहे! चुंबक चिकटला तर मागच्या लोखंडी चौकटीला किंवा बंपरला. तिथे खाली तो चिखल झेलत बसतो, कारण चालत्या पेटीच्या मागे हवा चाकांचा फवारा ओढून पाठीवरच मारते. हिच, म्हणजे गाडी नि ट्रेलरचा सांधा, जोडताना असला कॅमेरा सोयीचा असतो, हे मान्य. पण नव्या गाड्यांना त्याचीही गरज नाही. १ मे २०१८ पासून इथे १०,००० पाउंडांपर्यंतच्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचाच आहे. ट्रेलर जोडला की तो बिचारा पेटीचं नाक बघत बसतो, ती गोष्ट वेगळी.

मागे माणूस उभा करण्यावर मात्र तुमच्याशी वाद नाही. कॅमेरा लावल्यावरही आमच्यात एकजण उतरतोच. फक्त तो ट्रेलरच्या बरोबर मागे उभा राहत नाही, कारण चिरडला जाण्याची जागा तीच. चालवणाऱ्याला आरशात त्याचा चेहरा दिसेल असा बाजूला उभा राहतो, आणि चेहरा दिसेनासा झाला की गाडी थांबते. मिरवणुकीच्या ठिकाणी पार्किंगमध्ये पोरं इकडून तिकडे पळत असतात, तिथे त्या एका माणसालाही सगळं दिसत नाही. वरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात बंपरजवळचं पोर दिसतं.

वायरलेस खेळणं आहे हे जुन्या ॲनालॉग संचांना लागू पडतं. त्यांचं चित्र बिघडवायला शेजारच्या गाडीचं वायफायसुद्धा पुरे. डिजिटल संच फ्रिक्वेन्सी बदलत राहतात, बरेच टिकतात, फक्त अँटेना पत्र्याच्या आत कोंडायची नाही. आमच्या १४ फुटी पेटीला ते पुरतं. तुमच्या प्रतिक्रियेतली पेटी २४ फुटी आहे, तिथे मीही केबलच ओढली असती, पेटीच्या तोंडापासून गाडीपर्यंत गुंडाळीची वायर टाकून. तुम्ही ती कधी ओढलीत, तर हिचपाशी वळणावर वायर ताणली जाऊ नये म्हणून किती ढील ठेवलीत तेवढं लिहा. दोन वाचकांनी हेच विचारलंय आणि लांब पेट्यांचा अनुभव तुमच्याकडे आहे.