पाच लाखांचं कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या

‘पाच लाखांचं कार्ड खिशात असताना दवाखान्याच्या बिलाचं रडगाणं कशाला? सगळ्यांना सरकारी पैशातून उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा म्हणजे करदात्यांच्या जिवावर फुकटेगिरी. इंग्लंडात ऑपरेशनला वर्ष-वर्ष थांबतात. आपले सरकारी दवाखाने तर माहीतच आहेत. आणि एवढा पैसा आणणार कुठून?’ अशा आशयाचं बरंच काही फिरत असतं आणि त्याखाली भराभर अंगठे पडतात. एकेक मुद्दा घेऊ.

आधी कार्ड. केंद्राची ‘आयुष्मान भारत’ २०१८ मध्ये आली. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याआधीपासून आहे. आता दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हृदयाच्या ऑपरेशनला, कॅन्सरला त्याचा कितीतरी घरांना आधार झालाय, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. तेही यादीतल्या उपचाराला आणि योजनेतल्या हॉस्पिटलात. केंद्राच्या योजनेत भरतीआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरतात. सोळाव्या दिवसापासून खिसा तुमचा.

शुगर आणि बीपी कितव्या दिवशी बरं होतं? संध्याकाळी कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहून बघा. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि माणूस म्हणतो, ‘सध्या पाचच द्या.’ मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापतो. एक्स्पायरीची तारीख छापलेला तुकडा बऱ्याचदा त्याच्याच डब्यात राहतो. पाच दिवसांनी हातात मजुरी आली तर पुढच्या गोळ्या, नाहीतर खाडा. सरकारी आरोग्य केंद्रात याच गोळ्या फुकट मिळतात, पण साठा असेल तेव्हा, आणि ओपीडीच्या वेळेत रोज बुडवून गेलात तर. खाडे साठत जातात, एक दिवस लकवा मारतो किंवा किडनी जाते, आणि मग मात्र कार्ड चालतं. डायलिसिस योजनेत बसतं. ती वेळ येऊ नये म्हणून रोज लागणारी गोळी बसत नाही. असा हा उफराटा कारभार.

म्हणून तर राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून थेट गेलेले दिसतात. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ होता, म्हणजे तो उतरलाय हे खरं. तरी शंभरातले चाळीस रुपये आजाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी ऐनवेळी उभे करायचे, ही काही मिरवायची गोष्ट नाही.

करदाते म्हणजे कोण? साबणाची वडी घेणारी मोलकरीणही जीएसटी भरते. शिवाय केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना १९५४ पासून चालू आहे. तपासणी, औषधं, हॉस्पिटल, पेन्शनीत गेल्यावरही सोय. त्यांच्या पगारातून थोडी वर्गणी कापतात, बाकी भार सरकारी तिजोरीवर. त्याला कुणी फुकटेगिरी म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण तीच सोय वीटभट्टीवरच्या माणसाला द्या म्हटलं की लगेच करदाता आठवतो!

इंग्लंडातल्या रांगा खऱ्या आहेत. तिथल्या प्रतीक्षायादीत ७० लाखांहून जास्त उपचार अडकून पडले होते. वर्षानुवर्षं हात आखडून दिलेला निधी, अपुरं मनुष्यबळ आणि वरून कोविड, यांचा तो परिणाम. पण यादी आहे म्हणून तर मोजता येते. आपल्याकडे हर्नियाचं दुखणं घेऊन ‘पुढच्या सुगीनंतर बघू’ म्हणणारा माणूस कुठल्या यादीत आहे? आणि १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आल्यापासून तिथल्या पेशंटला ऑपरेशनचं बिल भरण्यासाठी जमीन विकावी लागलेली नाही. उलट सगळा भरवसा प्रामुख्यानं खासगी विम्यावर ठेवला तर काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. देशाच्या उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर खर्च करूनही तिथे कोट्यवधी लोक विम्याबाहेर आहेत, आणि विमा असलेल्यांच्याही डोक्यावर दवाखान्याचं कर्ज आहे.

सरकारी दवाखान्यांची बाजू मी मांडणार नाही. ऑक्टोबर २०२३ मधलं नांदेड कुणी विसरलेलं नाही. सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. पण त्यावरचा उपाय डॉक्टर भरणं आणि औषधं वेळेवर घेणं हा आहे. खासगी हॉस्पिटल गाठा म्हणणाऱ्यांनी २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतला खर्च बघावा. बाळंतपण सोडून एका भरतीचा सरासरी खर्च सरकारीत ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५. औषधखरेदी नीट होऊ शकते, हे तमिळनाडूनं १९९४ साली स्वतंत्र महामंडळ काढून दाखवलंय.

राहता राहिला पैसा. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे आरोग्यसेवेसाठी सरकारनं नेमलेल्या भोर समितीनं १९४६ सालीच लिहून ठेवलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं. २०२१-२२ मध्ये, तेही कोविडच्या काळात, तो १.८४ होता. थायलंड १९९७ च्या आर्थिक तडाख्यातून जेमतेम सावरत होता, तेव्हा, २००१-०२ मध्ये, त्यानं ३० बाटची (बाट हे तिथलं चलन) उपचार योजना देशभर नेली. दर भेटीला ३० बाट, ओपीडी आणि औषधं धरून. श्रीमंत होईपर्यंत ते थांबले नाहीत.

तोवर कार्ड काढू नका असं मात्र नाही. जरूर काढा. ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, गाठून दोन गोष्टी विचारा: आपला उपचार यादीत आहे का, आणि हे हॉस्पिटल त्याच उपचारासाठी योजनेत आहे का. योजनेत बसणाऱ्या उपचाराला डिपॉझिट मागितलं तर पावती मागा आणि आयुष्मान भारतच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.